तिसरी ओळ

संग्रामपुरात कपाशीची पहिली वेचणी आटोपत आली होती आणि शाळांना दिवाळीच्या सुट्या लागल्या होत्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झालेल्या एका गुरुजींनी त्या सुटीत गल्लीतल्या पोरांच्या हाती एक चिठ्ठी दिली. गावच्या शिवारात त्यांनी एक डबा लपवला होता. तो कुठे आहे, ते चिठ्ठीत लिहिलं होतं. मात्र सरळ लिहिलं नव्हतं.

चंद्र नेत्र, नेत्र गगन. उत्तर घ्यावी मोजून।
ऋतु मुनी, चंद्र वेद. पूर्व घ्यावी समजून।
चाल त्यांची दडली आहे पोथीच्या शेवटल्या पानी।
कुदळ ठेवा घरी आणि या मोकळ्या हातांनी॥

खाली तीन-तीन शब्दांच्या आणखी दोन ओळी होत्या. त्या इथे देत नाही, कारण डबा अजून तिथेच आहे.

गुरुजींना हा नाद त्यांच्या भाच्यानं लावला. जिओकॅशिंग नावाचा हा खेळ आता जगभर खेळला जातो. त्याचा जन्म मोठा गमतीचा आहे. २ मे २००० रोजी अमेरिकेनं आपल्या जीपीएस उपग्रहांच्या संकेतांत मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली. तोवर सामान्य माणसाच्या यंत्रात शंभर मीटरपर्यंतचा घोळ असायचा. एका रात्रीत तो दहा-वीस मीटरवर आला. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर नावाच्या माणसानं ओरेगन राज्यात, पोर्टलंडजवळच्या एका रानात काळी बादली ठेवली, तीत काही किरकोळ वस्तू आणि एक वही टाकली, आणि जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. एखादी वस्तू घ्या, एखादी ठेवा, वहीत नोंद करा, एवढीच अट. थोड्याच दिवसांत माइक टीग यांना ती बादली सापडली. पुढे खेळ वाढला तसे त्याचे प्रकार झाले. त्यातल्या एका प्रकारात जागेचा आकडा उघड देतच नाहीत. आधी कोडं सोडवायचं, तेव्हा कुठे आकडा हाती येतो.

अल्मर यांची ती पहिली बादली अर्धी जमिनीत पुरलेली होती. नंतर मात्र खेळानंच नियम केला की डबा पुरायचा नाही, आणि शोधणाऱ्यानं खणायचं नाही. गुरुजींना सगळ्या खेळात हा नियम सर्वांत जास्त पटला, आणि वऱ्हाडात राहणाऱ्या माणसाला तो का पटावा हे सांगायला नको. गढीचा पडका बुरूज दिसला, पांढरीच्या मातीत खापराचा तुकडा निघाला, की आपल्याकडे लगेच गुप्तधनाची कुजबुज सुरू होते. कुणाच्या तरी पणजोबांचं बीजक निघतं. कुणाच्या तरी स्वप्नात नाग येतो. रातोरात चांगली बांधलेली विहीर फोडली जाते, देवळाची फरशी उखडली जाते. कधी याहून भयंकर घडतं; म्हणून तर २०१३ साली महाराष्ट्राला नरबळी आणि अघोरी प्रथांविरुद्ध कायदा करावा लागला. आणि खरोखरच काही सापडलं, तरी दहा रुपयांहून अधिक मोलाची पुरलेली वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते, असा १८७८ सालचा कायदा आहे. एवढं असूनही माणसं खणतात. हौसेनं खणणारे त्यांत थोडे. बहुतेकांच्या डोक्यावर कर्ज असतं, आणि ज्याच्या पायाखाली आधाराला काही उरलेलं नाही त्याला जमिनीखालचं धन फार लवकर दिसायला लागतं.

गुरुजींनी जागाही विचारानं निवडली होती. तालुक्याच्या उत्तरेला सातपुडा आहे, अंबाबरवा अभयारण्य आहे. पण अभयारण्यात माणसानं काही नेऊन ठेवू नये, म्हणून तो विचार त्यांनी सोडला. ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून, त्याच्या परवानगीनं त्यांनी शेतातच जागा केली.

चिठ्ठीच्या मागे लागली ती पाच-सहा पोरं. दोन दिवसांत त्यांतली दोघंच उरली. नववीतली थोरली आणि सहावीतला तिचा भाऊ.

शब्दांचे आकडे करणं अवघड गेलं नाही. चंद्र एक, डोळे दोन, गगन म्हणजे शून्य, ऋतू सहा, मुनी म्हणजे सप्तर्षी, वेद चार. अक्षांश-रेखांश म्हणजे काय ते गुरुजींनी शाळेतच घोटून घेतलं होतं. ते शिकवताना ते विल्यम लॅम्बटनची गोष्ट हमखास सांगायचे. अर्ध्या टनाचं मोजणीयंत्र बैलांवर, माणसांच्या खांद्यांवर वाहून नेत त्यानं दक्षिणेकडून भारत मोजत आणला, आणि १८२३ साली आपल्या विदर्भातच, हिंगणघाटला, काम अर्धं टाकून देह ठेवला. त्या माणसाला जे आकडे मिळवायला जन्म पुरला नाही, ते आज सहावीतल्या पोराच्या बोटाखाली असतात.

धाकट्यानं आकडे मोबाइलात घातले. उत्तर बारा अंश वीस मिनिटं, पूर्व सदुसष्ट अंश चौदा मिनिटं. नकाशा सरकत गेला, सरकत गेला, आणि निळ्या रंगावर थांबला. अरबी समुद्र. लक्षद्वीपच्याही पलीकडे, जिथे जमिनीचा ठिपका नाही.

"गुरुजी समुद्रात बुडवून आले का डब्बा?" धाकटा वैतागला.

थोरलीनं भूगोलाचं पुस्तक काढलं. आपला जिल्हा बाराव्या अक्षांशावर असणं शक्यच नाही. तो वीस-एकवीसच्या आसपास. मग बाराचे एकवीस केले तर? आणि सदुसष्टाचे शहात्तर? तिनं दोन्ही आकडे उलटे करून घातले. नकाशा झपकन उत्तरेला आला आणि बऱ्हाणपूरच्या उशाशी जाऊन थांबला.

त्यांचा काका नेमका त्याच वेळी पाठीमागे उभा होता.

काका माणूस वाईट नव्हता. दोन वर्षं पिकानं दगा दिला होता, सावकाराचं व्याज चढत होतं आणि घरात लेक लग्नाची होती. पोरं काहीतरी लपवलेलं शोधताहेत, कोडं आहे, त्यात चंद्र आणि मुनी आहेत, एवढं त्यानं दोन दिवस ऐकलं होतं. आता पडद्यावर नाव आलं बऱ्हाणपूर. मोगलांचं शहर. दक्षिणेच्या सगळ्या स्वाऱ्यांचा तळ. मुमताज महल तिथेच १६३१ साली वारली, ही गोष्ट वऱ्हाडात शाळेची पायरी न चढलेल्यालाही ठाऊक असते. मोगलांचा खजिना म्हटलं की आणखी काय पाहिजे? गुरुजींनी कुठलं तरी जुनं बीजकच पोरांच्या हाती दिलं, त्यांना स्वतःला त्याचा अर्थ कळला नाही, असं काकाच्या मनानं घेतलं. त्यानं पडद्यावरचा आकडा हातावर लिहून घेतला आणि कुणाला काही न बोलता बाहेर पडला.

थोरली मात्र तो आकडा बघून खूश नव्हती.

"सापडलं ना आता!" धाकटा म्हणाला.

"तू गुरुजीचे टोंगळे पाह्यले का? बसस्टँडपर्यंत जाता येत नाई त्याइले. बऱ्हानपुरात कायले जातीन?"

"मंग कोनासंगं धाडला असन."

"अन् तिसरी ओळ? थे तर उरलीच ना."

इथे जरा थांबावंसं वाटतं. थोरलीनं पहिले दोन आकडे उलटे केले ते नियम कळला म्हणून नव्हे. समुद्र नको होता म्हणून. गरज पडली तिथे उलटं, गरज दिसली नाही तिथे सुलटं. असं ओढूनताणून जुळवलेलं उत्तर समुद्रातल्या उत्तरापेक्षा जास्त फसवतं, कारण समुद्र बघून कुणी होडी काढत नाही, पण बऱ्हाणपूर बघून माणूस जीप ठरवतो. कोडं घालणारा एक शब्दही वाया घालवत नाही. चार ओळींतली एक जरी कामाविना उरली, तर बाकीच्या तिन्ही ओळींचा अर्थ आपल्याला कळलेला नाही, हे त्या पोरीनं धरून ठेवलं. परीक्षेत पहिल्या आलेल्यांनाही हे सहज साधत नाही.

पोथी कुणाकडे आहे? देवळातली पोथी छापील होती. तिच्या शेवटल्या पानावर छापखान्याचं नाव आणि किंमत. ग्रामपंचायतीच्या कपाटात पोथी नव्हतीच. संध्याकाळी थोरलीनं आजीला सहज विचारलं, आणि आजीनं माळ्याकडे बोट दाखवलं.

लाल फडक्यात बांधलेली हाती लिहिलेली पोथी निघाली. आजीच्या सासऱ्यांच्या घरातली. श्रावणात पूर्वी वाचली जायची. आता वर्षातून एकदा ऊन दाखवून, हळद-कुंकू वाहून परत ठेवली जाते. कागद जाड आणि पिवळट, कडा वाळवीनं चाखलेल्या, प्रत्येक पानाला समासाच्या दोन लाल रेघा. आजीनं हात धुऊन ती उघडली आणि शेवटचं पान वर घेतलं. कथा वरच्या अर्ध्यातच संपत होती. खाली बारीक अक्षरांत लिहिणाऱ्यानं आपलं नाव-गाव न सांगता फक्त काळ सांगितला होता. शके बाण ऋतु मुनी चंद्र. आणि त्याच्याच पुढे, वाचणाऱ्याचा घोटाळा होऊ नये म्हणून की काय, आकड्यांत: १७६५.

थोरलीनं बोट ठेवून वाचलं. बाण पाच. ऋतु सहा. मुनी सात. चंद्र एक. पाच, सहा, सात, एक. आणि समोर लिहिलेलं एक, सात, सहा, पाच.

"आजी, हे उलटं हाये!"

"उलटंच वाचतेत माय ते," आजी म्हणाली. "एकम आधी, मंग दहम. जुन्या लोकाइची रीतच होती. गुरुजी नेले होते हे पोथी मांगच्या साली, पंधरा दिवस."

ही रीत फार जुनी आहे. ज्योतिषाचे, गणिताचे ग्रंथ श्लोकांत लिहायचे तर आकडे छंदात बसत नाहीत. म्हणून आकड्याच्या जागी वस्तू घालायची. शून्याला आकाश, दोनाला नेत्र, आठाला वसु, नवाला ग्रह. आणि वाचताना उजवीकडून डावीकडे यायचं. याला भूतसंख्या म्हणतात. शिलालेखांत आणि पोथ्यांत शेकडो वर्षं ती वापरात होती. लिहिणाऱ्याच्या हातून आकडा चुकतो, शब्द सहसा चुकत नाही, हा त्यातला शहाणपणा. आपल्या घरोघरच्या माळ्यांवर असे किती शक आणि किती संवत्सरं फडक्यात बांधून पडली असतील, याचा विचार केला की जीव हळहळतो. ती वाचणारी माणसं एकेक करून जाताहेत.

आता नियम एकच होता, आणि तो सगळ्यांना लागू होता. नेत्र गगन म्हणजे वीस नाही, शून्य दोन. चंद्र वेद म्हणजे चौदा नाही, एक्केचाळीस. उत्तर एकवीस अंश दोन मिनिटं, पूर्व शहात्तर अंश एक्केचाळीस मिनिटं. पडद्यावर संग्रामपूर आलं. खालच्या दोन ओळींतले तीन-तीन शब्दही उलटे वाचून मिनिटांच्या पुढे लावले. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे जमिनीवर सुमारे १.८५ किलोमीटर, त्याचा हजारावा भाग दोन मीटरच्याही आत. गुरुजींनी एका झाडापर्यंत आणून सोडलं होतं.

सकाळी दव वाळायच्या आत दोघं निघाले. धुऱ्यावरून चालताना एकीकडे कपाशी, एकीकडे तूर. मोबाइलातला ठिपका जवळ येता येता नाचायला लागला. पाच पावलं पुढे, सात पावलं मागे. यंत्र तिथवरच आणतं, पुढचं काम डोळ्यांचं. समोर एक जुनं निंबाचं झाड, बुंध्याशी शेतातून वेचून टाकलेल्या दगडांचा ढीग, आणि थोड्या अंतरावर मोजणीचा दगड, अर्धा जमिनीत रोवलेला.

धाकटा थेट दगडाकडे धावला आणि काडीनं माती उकरू लागला.

"हात नको लावू!" थोरली ओरडली. "शिवेचा दगड हाये तो. हालला म्हंजे दोन घराइचं भांडन लागते. अन् चौथी ओळ काय सांगते?"

मोकळ्या हातांनी या. म्हणजे जे आहे ते जमिनीवर आहे. मग ती उभी राहून नव्हे, खाली बसून बघू लागली. निंबाच्या बुंध्याला जमिनीपासून हातभर उंचीवर ढोली होती, तोंडाशी एक चपटा दगड उभा. दगडांच्या ढिगाशेजारी कुणाचं लक्ष जाऊ नये असाच तो दगड, फक्त त्याची एक बाजू शेवाळलेली आणि ती शेवाळलेली बाजू उन्हाकडे. शेवाळ सावलीत धरतं. म्हणजे दगड कुणीतरी फिरवून ठेवला होता.

आत सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं बांधलेला प्लास्टिकचा डबा. झाकण उघडलं तर एक वही, शिसपेन्सिल, लाकडी भोवरा, चार कवड्या, एक भिंग आणि गुरुजींच्या अक्षरात चिठ्ठी: एक न्या, एक ठेवा, नाव लिहा, डबा होता तसा ठेवा, तुमच्यामागून कुणीतरी येणार आहे.

धाकट्याला डबा घरी न्यायचा होता. एवढं शोधलं ते आपण, मग आपलाच नाही का? थोरलीनं वाद घातला नाही. तिनं त्याला वहीचं पहिलं पान दाखवलं. तारीख, गुरुजींची सही, आणि खाली आखलेल्या रिकाम्या ओळी, शेवटपर्यंत. धाकट्यानं बराच वेळ त्या ओळी बघितल्या. मग खिशातली काचेची गोटी डब्यात टाकली, भोवरा घेतला आणि दुसऱ्या ओळीवर आपलं नाव लिहिलं. दगड मात्र त्यानं स्वतः लावला, शेवाळलेली बाजू उन्हाकडे करून, जशी होती तशी.

काका तिसऱ्या दिवशी परतला. सोबत एका जाणत्याला घेऊन गेला होता. गुप्तधन काढून देतो म्हणणारा तो माणूस तालुक्याबाहेरचा. पहिल्या वेचणीच्या कापसाचे पैसे जीप आणि त्याची दक्षिणा यांत गेले. मिनिटांपर्यंतच्या आकड्यात पावणेदोन-दोन किलोमीटरचा चौकोन येतो, आणि त्या चौकोनात नेमकं कुठे खणायचं ते जाणत्यानं लिंबू फेकून ठरवलं. ती निघाली कुणाची तरी केळीची बाग. रात्री कुदळीनं ठिबकची नळी तुटली, पाण्याच्या आवाजानं रखवालदार जागे झाले. जाणता अंधारात पसार झाला. काकानं नळीचे पैसे भरले, हात जोडले आणि मिळेल त्या गाडीनं घरी आला.

घरात कुणी त्याला बोललं नाही. थोरली त्याला निंबापाशी घेऊन गेली. त्यानं डबा उघडला, कवड्या हातात घेतल्या, वही चाळली.

"येवढंच?"

"हो, काका."

"पन मी तुमचाच आकडा पाहून गेलतो ना व माय. मोबाइलावर दिसला मले."

"तो दिसला, पन आमी तथीच थांबलो नव्हतो," थोरली म्हणाली, आणि तिनं चिठ्ठी काढून त्याला पहिल्या शब्दापासून समजावलं. समुद्र दाखवला, बऱ्हाणपूर दाखवलं, पोथीच्या पानाचा फोटो दाखवला. काकाला दोनदा समजावून घ्यावं लागलं. तिसऱ्यांदा त्यानं स्वतः वाचून दाखवलं, उजवीकडून डावीकडे, बोट ठेवत. मग वहीत तिसऱ्या ओळीवर सही केली.

कार्तिक अमावास्येच्या आधी जाणता पुन्हा उगवला. बसस्टँडजवळच्या हॉटेलात काकाला गाठून म्हणाला, तिथी चुकली म्हणून धन सरकलं. या अमावास्येला पूजा मांडू, पाच हजार लागतील. शेजारच्या बाकावरच्या दोघा-तिघांनी कान टवकारले. त्यांच्याही डोक्यावर कर्ज होतंच.

काकानं त्याच्यापुढे चहा सरकवला आणि खिशातून चिठ्ठीची नक्कल काढली.

"वाचून दाखव बरं."

"चंद्र एक, नेत्र दोन. बारा," जाणता म्हणाला. "ऋतु सहा, मुनी सात. सदुसष्ट. सोपं हाये."

काकानं आकडे मोबाइलात घातले आणि पडदा बाकावरच्या लोकांकडे फिरवला. सगळा निळा.

"मंत्राशिवाय तसंच दिसते," जाणता घाईनं म्हणाला. "तू काय टाकलं होतं? मले सांग, किती येते खरं?"

"मीही असंच दुसऱ्याले इचारलं होतं. कापूस गेला त्यात." काका उठला. दोघांच्या चहाचे पैसे त्यानं गल्ल्यावर ठेवले. जाणत्यानं चिठ्ठी घडी करून खिशात घालायला घेतली, तशी काकानं हात पुढे केला.

"ते दे इकळे. पोट्ट्याइची हाये."